दीर्घकालीन वेदनेची औषधविरहित शुश्रूषा

दीर्घकालीन वेदनेची औषधविरहित शुश्रूषा म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना सुसह्य व्हावी आणि रुग्णाचे दैनंदिन जीवन शक्य तितके पूर्ववत व्हावे, यासाठी परिचारिका औषधांखेरीज ज्या पद्धती वापरतात त्यांचा समुच्चय होय. रुग्णशिक्षण, हालचालींचे नियोजन, व्यायाम, योग्य शरीरस्थिती, शेक, मालीश, श्वसन व शिथिलीकरण, लक्ष दुसरीकडे वळवणे, झोपेची घडी बसवणे आणि मानसिक आधार यांचा त्यात समावेश होतो. योग, ध्यान, ॲक्युपंक्चर, संगीत यांसारख्या पद्धतींना सामान्यतः पूरक पद्धती असे म्हणतात.

‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ या दोन शब्दांत फरक आहे. मुख्य वैद्यकीय उपचारांच्या जोडीने वापरली जाणारी पद्धत पूरक, तर ते उपचार वगळून त्यांच्या जागी वापरली जाणारी पद्धत पर्यायी ठरते. परिचर्याशास्त्रात या पद्धतींचा विचार पूरक म्हणूनच केला जातो. वेदना पूर्णपणे नाहीशी करणे हे या शुश्रूषेचे उद्दिष्ट नसते, कारण बहुसंख्य रुग्णांत ते साध्य होत नाही. वेदना असतानाही रुग्णाला चालता यावे, झोपता यावे, काम करता यावे आणि माणसांत मिसळता यावे, हे तिचे उद्दिष्ट असते.

वेदनेचे स्वरूप

अल्पकालीन वेदना ही बहुधा शरीराने दिलेली सूचना असते. भाजले, हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया झाली की वेदना होते आणि जखम भरून येताना ती ओसरते. दीर्घकालीन वेदनेत हा संबंध सैल होतो. मूळ इजा भरून आल्यावरही वेदना टिकून राहते किंवा इजेच्या मानाने ती कितीतरी अधिक जाणवते. क्ष-किरण चित्रात झीज ठळक दिसणाऱ्या माणसाला फारसा त्रास नसतो, तर चित्र जवळजवळ निर्दोष असलेल्या माणसाला उठणे-बसणे कठीण होते, असे वारंवार आढळते.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार, प्रत्यक्ष अथवा संभाव्य ऊतिहानीशी निगडित असलेला किंवा तसा भासणारा अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव म्हणजे वेदना. या व्याख्येत ‘भावनिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वेदना मनाशी जोडलेली आहे याचा अर्थ ती काल्पनिक आहे, असा होत नाही.

वेदनेचे कारणानुसार तीन प्रकार मानले जातात. सांध्यांची झीज, सूज किंवा इजा यांमुळे होणारी ऊतिजन्य वेदना हा पहिला प्रकार. मधुमेह, नागीण किंवा दबलेली नस यांमुळे मज्जातंतूंना अपाय होऊन निर्माण होणारी मज्जातंतुजन्य वेदना हा दुसरा. ऊतींची वा मज्जातंतूंची स्पष्ट हानी न आढळता वेदनेची प्रक्रियाच बदलल्यामुळे होणारी वेदना हा तिसरा प्रकार असून, फायब्रोमायल्जिया हे त्याचे प्रमुख उदाहरण आहे. एकाच रुग्णात एकाहून अधिक प्रकार असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले असून, वेदना हाच मुख्य विकार असलेली प्राथमिक वेदना आणि कर्करोग, शस्त्रक्रिया, संधिविकार यांसारख्या कारणांतून उद्भवणारी दुय्यम वेदना, असे भेद केले आहेत.

दीर्घकालीन वेदना अनेकदा एका दुष्टचक्रात अडकते. दुखेल या भीतीने रुग्ण हालचाल टाळतो. हालचाल थांबल्याने स्नायू दुर्बल होतात व सांधे आखडतात. त्यामुळे थोड्या श्रमानेही अधिक दुखते आणि भीती बळावते. झोपमोड, चिडचिड, कामाची हानी व एकटेपणा या चक्राला हातभार लावतात. औषधविरहित शुश्रूषेतील प्रत्येक पद्धत या चक्राची एखादी कडी सैल करण्याचा प्रयत्न करते.

इतिहास

रुग्णाच्या भोवतालच्या परिस्थितीचा त्याच्या त्रासावर परिणाम होतो, हा विचार आधुनिक परिचर्येच्या आरंभापासून आढळतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात स्वच्छ हवा, प्रकाश, शांतता व अंथरूण यांची दखल घेतली आणि अनावश्यक आवाज रुग्णाला कसा अपायकारक ठरतो, याचे विवेचन केले.

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ मांडला. त्यानुसार, वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत त्यांचे नियमन होते. स्पर्श व दाब यांचे संदेश नेणारे जाड तंतू उत्तेजित झाले, तर वेदनेचे संदेश नेणाऱ्या बारीक तंतूंचा प्रभाव कमी होतो. मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे ‘द्वार’ उघडू किंवा मिटू शकतात. ठेच लागल्यावर माणूस ती जागा नकळत चोळतो, त्यामागील कारण या सिद्धांताने समजावले. त्याच्या तपशिलांत पुढे अनेक सुधारणा झाल्या. तथापि स्पर्श, लक्ष व भावना यांचा वेदनेवर खरोखर परिणाम होतो, या समजुतीला त्याने शास्त्रीय पाया दिला.

ब्रिटनमधील सिसिली सॉन्डर्स यांनी प्रथम परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले. त्यानंतर त्या वैद्यकीय समाजकार्यात आल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक या चारही अंगांनी वेदनेकडे पाहणारी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना त्यांनी रूढ केली. अमेरिकन परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, वेदना अनुभवणारी व्यक्ती जे सांगते तीच वेदना आणि ती सांगते तेव्हा ती असते. वेदनेची खरी साक्ष रुग्णाकडेच असते, हे तत्त्व त्यानंतर जगभरच्या परिचर्या-शिक्षणाचा भाग झाले.

१९९० च्या दशकापासून अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांचा वापर बेसुमार वाढला व व्यसनाधीनता आणि मृत्यूंचे गंभीर संकट उभे राहिले. त्यानंतर औषधविरहित पद्धतींकडे नव्याने लक्ष वेधले गेले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांनी दीर्घकालीन कंबरदुखीत प्रथम औषधविरहित उपचार निवडावेत, अशी शिफारस केली.

वेदनेचे मूल्यमापन

ऐकून घेणे

शुश्रूषेचा आरंभ रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यापासून होतो. दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसाला घरी, कामाच्या ठिकाणी आणि कधीकधी दवाखान्यातही अविश्वासाला तोंड द्यावे लागते. तपासण्यांत काही सापडले नाही म्हणजे दुखतच नसणार, असा निष्कर्ष काढला जातो. सतत कण्हणारा माणूस ढोंगी ठरवला जातो, तर हसतमुख माणसाला दुखत नाही असे मानले जाते. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. दीर्घकालीन वेदनेत नाडीचा वेग वा रक्तदाब वाढलेला असेलच असे नाही आणि चेहऱ्यावर ती दिसेलच असेही नाही. अनेक रुग्ण, विशेषतः घरकाम व शेतीकाम करणाऱ्या स्त्रिया, दुखणे अंगावर काढतात. थेट विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

रुग्णाची शब्दकळा

मराठीत वेदनेसाठी अनेक शब्द असून त्यांच्या अर्थांत सूक्ष्म भेद आहेत. ठणका, ठसठस, कळ, सणक, चमक, आग, मुंग्या, टोचणी, ओढ, आखडणे, जड होणे, बधिर होणे हे त्यांतील काही होत. आग, मुंग्या, बधिरपणा किंवा विजेसारखी सणक यांतून मज्जातंतुजन्य वेदनेची शंका येते. सकाळी सांधे आखडणे सुजेकडे, तर रोग्याने पोटात ‘कळ’ येते असे म्हणणे थांबून थांबून येणाऱ्या वेदनेकडे निर्देश करते. हे शब्द निदान ठरवत नसले, तरी दिशा दाखवतात. म्हणून नोंदवहीत केवळ ‘दुखते’ असे न लिहिता रुग्णाचा मूळ शब्द लिहिणे उपयुक्त ठरते.

मोजमाप

सर्वाधिक प्रचलित मापनपट्टी ० ते १० अशी असते. ० म्हणजे वेदना नाही आणि १० म्हणजे कल्पना करता येईल इतकी कमाल वेदना. आकड्यांची सवय नसलेल्यांसाठी ‘थोडी, मध्यम, जास्त, असह्य’ अशी शाब्दिक पट्टी आणि मुलांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी वापरतात. या पट्टीवर सुमारे दोन अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी झालेली घट रुग्णाच्या दृष्टीने लक्षणीय मानली जाते.

दीर्घकालीन वेदनेत केवळ आकडा पुरेसा नसतो. त्यामुळे तीन प्रश्नांची एक संक्षिप्त पट्टी उपयोगी पडते: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखले, दुखण्याने जगण्याच्या आनंदात किती बाधा आली आणि नेहमीच्या कामांत किती बाधा आली. तिन्ही उत्तरे ० ते १० या पट्टीवर घेऊन त्यांची सरासरी काढतात. वेदनेचा आकडा ७ वरच राहिला, पण कामातील बाधा ८ वरून ४ वर आली, तर ती खरी प्रगती समजली जाते.

धोक्याची लक्षणे

औषधविरहित पद्धती सुरू करण्यापूर्वी आणि चालू असतानाही पुढील लक्षणांवर लक्ष ठेवावे लागते. ती आढळल्यास रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवणे आवश्यक असते.

• लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, जांघांच्या आतील भागात बधिरता येणे
• हातापायांतील शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे
• ताप, रात्री घाम येणे, कारणाविना वजन घटणे
• पूर्वी कर्करोग झालेला असणे
• पडणे वा अपघात, विशेषतः वृद्धांत
• विश्रांतीनेही कमी न होणारी, रात्री जागे करणारी नवी वेदना

भारतात ताप व वजन घटण्यासह असलेल्या पाठदुखीत कण्याच्या क्षयरोगाची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

प्रमुख पद्धती

रुग्णशिक्षण

‘दुखते म्हणजे आत काहीतरी झिजते आहे’ ही समजूत हालचाल थांबवणाऱ्या कारणांत अग्रस्थानी असते. दुखणे आणि इजा या एकच गोष्टी नाहीत, काळजीपूर्वक केलेल्या हालचालीने अपाय होत नाही आणि दीर्घ विश्रांतीने कंबरदुखी वाढू शकते, हे साध्या भाषेत समजावणे हा शुश्रूषेचा महत्त्वाचा भाग आहे. हे एकाच बैठकीत साध्य होत नाही. शक्य असेल तेव्हा कुटुंबीयांनाही त्यात सामील करून घेतात. कारण अतिकाळजीपोटी रुग्णाला कोणतेही काम करू न देणारे घर त्याच्या बरे होण्यात अडथळा ठरू शकते.

व्यायाम

दीर्घकालीन कंबरदुखी व गुडघ्याच्या झिजेत व्यायामाचा उपयोग अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. कोणता एकच व्यायाम सर्वोत्तम आहे, असे सिद्ध झालेले नाही. रुग्ण जो नियमितपणे करील तो उपयुक्त ठरतो. चालणे, स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम, ताण देण्याचे व्यायाम व पाण्यातील व्यायाम हे सामान्य प्रकार आहेत. व्यायामाचा आराखडा बहुधा भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवतात. तो घरी कसा पाळला जातो, कोठे अडतो, हे पाहण्याचे काम परिचारिकेकडे येते.

कामाची विभागणी

बरे वाटेल त्या दिवशी सर्व कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, अशी अनेक रुग्णांची पद्धत पडते. यावर उपाय म्हणून काम वेदनेनुसार न थांबवता वेळेनुसार थांबवायला शिकवले जाते. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीला ओट्यापाशी तीन वेगवेगळ्या दिवशी अनुक्रमे १२, २० व १६ मिनिटे उभे राहता आले, तर सरासरी १६ मिनिटे येते. त्यातून सुमारे पाचवा भाग वजा करून साधारण १३ मिनिटांनी आरंभ करतात. त्यानंतर दुखत नसले तरी काही मिनिटे बसायचे आणि मग पुन्हा उभे राहायचे. दर आठवड्याला ही मर्यादा एक-दोन मिनिटांनी वाढवतात. भाजी बसून निवडणे, पाण्याचा एक मोठा हंडा उचलण्याऐवजी दोन लहान कळशांतून पाणी आणणे, निंदणी-खुरपणी करताना ठरावीक वेळाने उठून कंबर सरळ करणे हेही विभागणीचेच प्रकार आहेत.

शरीरस्थिती

पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्यास कंबरेवरील ताण कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. त्यामुळे वेदना कमी होते व शय्याव्रण टळण्यास मदत होते. बसून काम करणाऱ्यांसाठी एकच ‘आदर्श’ बैठक पकडून राहण्यापेक्षा स्थिती वारंवार बदलणे अधिक महत्त्वाचे असते.

शेक

उष्णतेने स्नायू सैल होतात, त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो आणि आखडलेपणा कमी होतो. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवतात व दर पाच मिनिटांनी त्वचा तपासतात. थंड शेक ताज्या सुजेत व इजेत अधिक उपयोगी असून तो १० ते १५ मिनिटांहून अधिक काळ देत नाहीत. बर्फ थेट त्वचेवर ठेवत नाहीत.

शेक हा घरोघरी रूढ असलेला उपाय असल्याने त्याचे धोके दुर्लक्षिले जातात. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला चटका समजत नाही आणि भाजून झालेली जखम चिघळू शकते. अशा रुग्णांत बधिर भागावर शेक देणे टाळतात. रक्तस्राव, तीव्र सूज, पायातील शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका, अर्बुदाची जागा किंवा उघडी जखम असल्यासही गरम शेक वर्ज्य असतो. त्वचेवर वेदनाशामक औषधाची चिकटपट्टी लावली असेल, तर त्यावर शेक दिल्यास औषध अधिक वेगाने शोषले जाऊन अपाय होऊ शकतो.

मालीश व स्पर्श

पाठीवर संथ, एकसारख्या लयीत हात फिरवणे ही परिचर्येतील जुनी पद्धत आहे. पाच-दहा मिनिटांच्या अशा मालिशीने स्नायूंचा ताण व अस्वस्थता कमी होते; परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतो. अस्थिभंग, रक्ताच्या गुठळीची शंका, त्वचेचा संसर्ग, अर्बुद किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असल्यास त्या भागाचे मालीश करत नाहीत. स्पर्शापूर्वी रुग्णाची संमती घेणे आवश्यक असते.

श्वसन व शिथिलीकरण

संथ श्वसनात श्वास घेण्यापेक्षा तो सोडण्यास अधिक वेळ दिला जातो. क्रमशः स्नायू-शिथिलीकरण ही पद्धत अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी विकसित केली. तिच्यात पायांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायुगट काही सेकंद आवळून मग सैल सोडतात. दुखऱ्या भागाचे स्नायू आवळल्याने त्रास होत असल्यास तो भाग वगळतात. ही कौशल्ये असल्याने वेदना कमी असताना त्यांचा रोज सराव करावा लागतो. वेदना टोकाला गेल्यावर प्रथमच करून पाहिल्यास उपयोग होत नाही.

लक्ष वळवणे, कल्पनाचित्रण व संगीत

लक्ष दुसरीकडे असताना वेदनेची तीव्रता कमी जाणवते. गप्पा, विणकाम, वाचन, भजन ऐकणे किंवा नातवंडांशी खेळणे यांपैकी रुग्णाला रुचेल ते निवडतात. कल्पनाचित्रणात रुग्ण एखादे सुखद स्थळ सर्व इंद्रियांनी मनात उभे करतो. ते स्थळ रुग्णानेच निवडावे असा संकेत आहे. समुद्रकिनारा एकाला शांत वाटतो, तर दुसऱ्याला तेथे झालेला अपघात आठवू शकतो. संगीतामुळे वेदनेत होणारी घट अभ्यासांत अल्प आढळली असली, तरी खर्च व धोका नगण्य असल्याने त्याचा वापर केला जातो.

झोप

अपुऱ्या झोपेने वेदना सहन करण्याची क्षमता घटते आणि वेदनेने झोप बिघडते. उठण्याची वेळ निश्चित ठेवणे, दुपारची झोप मर्यादित करणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे हे प्राथमिक उपाय आहेत. रुग्णालयात रात्रीचे दिवे मंद ठेवणे, आवाज कमी करणे आणि तपासण्या शक्यतो एकाच वेळी उरकणे हे परिचारिकेच्या हाती असते.

मानसिक आधार

बोधात्मक वर्तन उपचारात वेदनेसंबंधीचे विचार, भावना व वर्तन यांचा परस्परसंबंध तपासून तो बदलण्याचा सराव करतात. पूर्ण उपचार प्रशिक्षित तज्ज्ञ देतात. त्यातील ध्येयनिश्चिती, दैनंदिनी ठेवणे, अडचणींची उकल यांसारखी तंत्रे प्रशिक्षित परिचारिकाही वापरतात. दीर्घकालीन वेदनेसोबत नैराश्य वारंवार आढळते. ‘यापेक्षा मेलेले बरे’ अशा उद्गारांकडे दुर्लक्ष न करता आत्महत्येच्या विचारांबाबत थेट व शांतपणे विचारणे आणि तातडीने मदत मिळवून देणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानले जाते.

पूरक पद्धती

योग: ब्रिटनमध्ये ३१३ प्रौढ कंबरदुखीग्रस्तांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांच्या योगवर्गांनंतर रुग्णांची कार्यक्षमता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली, मात्र वेदनेच्या तीव्रतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वेदना तेवढीच असतानाही माणूस अधिक सक्षम होऊ शकतो, हे या निष्कर्षातून दिसते. सांध्यांच्या अवस्थेनुसार आसनांत बदल करणे आवश्यक असते.

सजगता-ध्यान: जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. वेदनेशी झगडण्याऐवजी ती निरीक्षकाच्या भूमिकेतून पाहण्याचा सराव त्यात करवला जातो.

ॲक्युपंक्चर: दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी ब्रिटनच्या २०२१ मधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत याचा मर्यादित स्वरूपात समावेश आहे. ही पद्धत केवळ प्रशिक्षित व्यक्तीने निर्जंतुक सुयांनीच वापरावी लागते.

त्वचेवरील विद्युत उत्तेजन: लहान यंत्राद्वारे त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची ही पद्धत द्वार-नियंत्रण सिद्धांतावर आधारित आहे. तिच्याविषयीचे पुरावे दुर्बल असून वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश सूचनांत प्राथमिक वेदनेसाठी ती देऊ नये, असे म्हटले आहे. हृदयात गतिप्रेरक यंत्र बसवलेल्या रुग्णांत तज्ज्ञांच्या सल्ल्याविना ती वापरत नाहीत.

उपचारात्मक स्पर्श: रुग्णाच्या शरीराभोवतीचे ‘ऊर्जाक्षेत्र’ हातांनी जाणवते, असा दावा करणारी ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील परिचारिकांत पसरली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगात, पडद्याआड आपल्या कोणत्या हाताजवळ प्रयोगकर्त्या मुलीचा हात आहे, हे २१ उपचारकांना ओळखायचे होते. २८० प्रयत्नांपैकी १२३ म्हणजे ४४ टक्केच उत्तरे बरोबर आली. केवळ अंदाजाने सांगितले असते, तर ५० टक्के अपेक्षित होती. एखादी पद्धत परिचारिकांमध्ये रूढ आहे एवढ्यावरून ती परिणामकारक ठरत नाही, याचे हे उदाहरण मानले जाते.

शुश्रूषा-योजना

परिचर्येत मूल्यमापन, शुश्रूषा-निदान, नियोजन, अंमलबजावणी व फेरमूल्यमापन या पाच टप्प्यांनी काम केले जाते. दीर्घकालीन वेदनेत उद्दिष्ट रुग्णानेच ठरवलेले, मोजता येण्याजोगे व त्याच्या जगण्याशी जोडलेले असावे लागते. ‘वेदना कमी करणे’ यापेक्षा ‘सहा आठवड्यांत मंदिरापर्यंत चालत जाऊन परत येणे’ हे उद्दिष्ट अधिक उपयुक्त असते. एका वेळी एक किंवा दोनच पद्धती सुरू करतात. अन्यथा कशाचा उपयोग झाला हे कळत नाही. उपयोग न होणारी पद्धत ठरावीक मुदतीनंतर थांबवतात. वेदना अधूनमधून उफाळतेच. अशा दिवसांत काय करायचे, कोणते काम पुढे ढकलायचे व कोणाला कळवायचे, याची योजना आधीच लिहून ठेवली जाते.

विशेष रुग्णगट

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला वेदना शब्दांत सांगता येत नाही. तिच्याबाबत श्वासाची गती, कण्हणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर ती शांत होते की नाही, यांवरून अंदाज बांधतात. अचानक वाढलेला चिडचिडेपणा वा जेवण नाकारणे ही वेदनेची खूण असू शकते.

कर्करोगाच्या वेदनेत औषधविरहित पद्धती औषधांच्या जोडीनेच वापरतात. आवश्यक असलेले मॉर्फीन नाकारून केवळ ध्यान वा मालीश देणे हे गैर मानले जाते. कोणत्याही रुग्णाने बरे वाटू लागल्यावर दीर्घकाळ चालू असलेली औषधे स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत.

पुरावे व मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत शिक्षण, व्यायाम, मालीशसारखे काही शारीरिक उपचार व मानसिक उपचार यांचा पुरस्कार असून, कमरेचे पट्टे, ओढ देण्याचे उपचार आणि अफूजन्य औषधे यांचा नियमित वापर करू नये, असे सुचवले आहे.

या क्षेत्रातील अभ्यासांना काही अंगभूत मर्यादा आहेत. व्यायाम वा मालीश मिळाले की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. अनेक अभ्यास लहान व अल्पमुदतीचे असतात. आढळलेले परिणाम बहुधा अल्प ते मध्यम असतात. व्यवहारात सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. गोळी देण्यास एक मिनिट लागते, शिथिलीकरण शिकवण्यास वीस मिनिटे लागतात. परिचारिकांची संख्या अपुरी असलेल्या कक्षात ही वीस मिनिटेच दुर्मीळ असतात.

भारतातील स्थिती

भारतात दीर्घकालीन वेदनेची संघटित शुश्रूषा प्रामुख्याने उपशामक सेवेतून विकसित झाली. देशातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. केरळमध्ये १९९३ मध्ये कालिकत येथे वेदना व उपशामक सेवा संस्था स्थापन झाली आणि पुढे परिचारिका व स्थानिक स्वयंसेवक यांच्या गृहभेटींवर आधारलेली व्यवस्था त्या राज्यात पसरली. केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फीन मिळवण्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली.

योगाच्या आधुनिक अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास सुरू केला. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात योगसंस्था उभारली. दोर, पट्टे, उशा, खुर्ची अशा साधनांच्या आधाराने आसने करण्याची त्यांची पद्धत दुखऱ्या सांध्यांच्या रुग्णांना सोयीची असल्याने कंबरदुखीवरील परदेशी अभ्यासांतही वापरली गेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेने ग्रामीण भागातील कंबरदुखीचा अभ्यास केला आहे.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. या केंद्रांना पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यात आले. तेथे नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत परिचर्येचे शिक्षण घेतलेल्यांचा समावेश असून, वृद्धसेवा व उपशामक सेवा या केंद्रांच्या विस्तारित सेवांचा भाग आहेत. वर वर्णिलेल्या पद्धतींपैकी बहुतेकींना यंत्रसामग्री लागत नाही. प्रशिक्षण, नोंदी आणि रुग्णासाठी राखून ठेवलेला वेळ लागतो. त्यामुळे गावपातळीवर त्या कितपत पोहोचतील, हे मुख्यतः परिचारिकांची संख्या व त्यांचे प्रशिक्षण यांवर अवलंबून आहे.